शनिवारची फेरी

उल्हास अजून फेरीबोटीला रांग लावतो.
रांग नसतेच. तो एकटा उभा असतो
रायबंदरच्या धक्क्यावर, पुसट रेघेवर चपलांची टोकं टेकवून,
आणि स्कूटरी त्याला वळसा घालून आत शिरतात.
प्रत्येकीला तो किंचित वाकून वाट देतो.
खलाशी ओरडतो, "बाब, वचपाचें आसा मरे?"
मी म्हणते, जायचंय हो, जायचंय त्यांना.
जरा वेळ लागतो.

बारा वर्षं हामामात्सूला काढली आम्ही.
तो मोटारसायकलींच्या कारखान्यात. मी
डबे भरणाऱ्या बायकांच्या ओळीत, केसांवर टोपी, तोंडाला फडकं:
गुलाबी लोणच्याचा काप, उजव्या कोपऱ्यात,
एकच. दोन पडले तर पट्टा थांबायचा
आणि अठ्ठावीस बायका माझ्याकडे बघायच्या नाहीत,
इतक्या सभ्यपणे बघायच्या नाहीत
की मला घाम फुटायचा.

शनिवारी मात्र पाव शोधायला निघायचो.
तिथे पावाला 'पान' म्हणतात.
एकाच गलबतातून उतरलेला शब्द,
आम्ही त्याचा 'व' केला, त्यांनी 'न'.
पण ते पान म्हणजे ओलसर कापूस,
चौकोनी, कडा कापलेला.
मग दोन स्टेशनं पुढे, टायरच्या दुकानामागे
सेल्मा नावाची ब्राझीलची बाई भट्टी लावायची.
पहिल्यांदा गेलो तेव्हा उल्हासच्या तोंडून
आजोबांचं "बों दिय" बाहेर पडलं.
त्याला माहीतही नव्हतं ते आत आहे.
सेल्माने सहा पाव दिले, पैसे पाचाचे घेतले.
तळ्याकाठी बसून आम्ही ते नुसतेच खाल्ले.
"खालून कडक नाही," तो म्हणाला,
आणि शेवटचा रुमालात बांधून घेतला.

आता पोदेर रोज सव्वासहाला दाराशी भोंगा वाजवतो
आणि आम्ही झोपून राहतो.

शनिवारी मी अंधारात उठते, भाताचे गोळे वळते.
उकडा तांदूळ वळत नाही. त्याला शिस्त नाही.
हाताला पाणी लावा, मीठ लावा, दाबा,
तो त्रिकोण होतो, क्षणभर तुमचं मन राखतो,
आणि सुटतो.
पोटात आंबट काहीतरी हवं म्हणून सोल ठेवते,
कधी सुंगटांची किसमूर.
वरून गुंडाळायला शेवाळ मागितलं म्हापशाच्या बाजारात,
तर मासळीवाली मला पायापासून डोक्यापर्यंत बघत म्हणाली,
"बाये, तें आमी होड्याच्या बुडाक खरवडून काडटात!"
म्हणून केळीचं पान.

दिवाडीत तसं बघायचं काही नाही.
टेकडीवर इगर्ज, खाजनाचा बांध, बगळे,
आणि आंब्याखाली एक दगड, दोघांपुरता.
तो घड्याळ बघतो. बारा वाजले की हात जोडून
आम्ही जेवणाआधीचं ते तिथलं वाक्य म्हणतो
जे तिथे कधी मोठ्याने म्हटलं नाही, लाज वाटायची.
तिथे दार उघडताना म्हणायचो "आयलों गे",
ती कामावर असली तरी,
म्हणजे मी कामावर असले तरी, रिकाम्या खोलीला.
इथे कुलूप काढताना तो म्हणतो "तादाइमा",
आणि शेजारची पिएदाद कुंपणावरून विचारते,
कोणाला हाक मारता?

परवाच्या परतीला डब्यात एक गोळा उरला.
उल्हासने तो दोन्ही हातांनी खलाशापुढे धरला,
व्हिजिटिंग कार्ड द्यावं तसा.
खलाशाने पान सोडलं, वास घेतला,
अर्धा तोंडात टाकला, अर्धा बोटांतून सांडला, मांडवीत.
बराच वेळ चावत राहिला.
"बरो आसा," म्हणाला. "पूण हाका हुमण जाय."

उल्हासने खिशातून वही काढून लिहून घेतलं.
बोट लागली. आम्ही सगळ्यांना आधी उतरू दिलं.
मग चढावर, पिंपळापर्यंत, पुढे घरापर्यंत
तो एवढंच बोलत होता,
की हुमण बांधायचं कशात.